वर माणूस आहे

बाबा मनोरा न्यायला येतोय हे आईनं मला शनिवारी सकाळी सांगितलं. तेही सूपसाठी सॉसेज चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. सगळ्यात मोठं पातेलं बाहेर काढलेलं होतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आम्ही दोघी त्या पातेल्यात फक्त जाम करतो.

"कोण कोण येतंय?"

"तो, ऑस्सी आणि एन्सिओ. आणि साइमी, आज एक दिवस तोंड सांभाळ. तो खांब एकदाचा गेला की अंगण माझं होईल."

खांब म्हणाली. ती मुद्दाम खांब म्हणते.

"तो आता त्याचा नाहीये."

"घटस्फोटाच्या वाटणीत त्याच्या नावावर आहे."

"वाटणीत कुत्रा तुझ्या नावावर होता. नेलाच ना त्यानं?"

त्यानंतर सॉसेजचे तुकडे एकदम जाड पडायला लागले.

मनोरा म्हणजे आमच्या परसातला रेडिओचा मनोरा. चोवीस मीटर, लोखंडी जाळीचा. डोक्यावर अँटेना, तिच्याखाली तिला फिरवणारी मोटर, आणि तंबूला असतात तसे तीन दिशांना, शेताकडे, खळ्याकडे आणि घरामागे, वर-खाली तारेचे तणावे, जमिनीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेले. आमच्याकडे सगळी सपाट शेतं. चर्चचा कळस सोडला तर लांबून दिसतो तो आमचा मनोराच. बाबानं तो उभा केला तेव्हा मी खाली वाळूत खेळत होते. मग तीन वर्षांपूर्वी बाबा तळ्याकाठच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे राहायला गेला. जाताना करवत नेली, फ्रीझर नेला, कुत्रा नेला. मनोऱ्याचं नंतर बघू म्हणाला.

नंतर म्हणजे तीन हिवाळे.

त्या तीन हिवाळ्यांत तो कुणी सांभाळला? पहिल्या वर्षी थंडी पडायच्या आधी मी एकटीनं तणावे तपासायला गेले आणि मला काहीच येत नव्हतं. एन्सिओला फोन केला. तो रेडिओ क्लबातला सगळ्यात म्हातारा, आपली खटारा व्हॅन घेऊन आला, चिखलात उभा राहून म्हणाला, तारेवर मूठ मार आणि हात ठेव. धक्का वर जातो, परत येतो, तो किती वेळात येतो ते हाताला कळलं पाहिजे. लवकर आला तर तार जास्त ताणली आहे, रेंगाळत आला तर सैल. मला ते पटकन जमलं. शाळेत मला काही पटकन जमलं नाही, पण हे जमलं. दुसऱ्या हिवाळ्यात धुक्यातून एल्क जातीचं घोड्याएवढं हरीण पळत आलं आणि शेताकडच्या तणाव्यात घुसलं. एल्क उठून गेला, तणावा ताणायचा आमचा स्क्रू मोडला. तो मी बदलला. वरची केबल मी बदलली, कारण जुनीत पाणी शिरलं होतं. जोडावरची टेप दर वर्षी मीच नवी गुंडाळते. मोटर अडकली तेव्हा ती उतरवून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून, आईची बोलणी खाऊन, परत बसवली ती पण मीच. माझी स्वतःची कॉल साइन आहे, रेडिओवर ओळख सांगायची अक्षरं. परीक्षा देऊन मिळवली आहे. हो, परीक्षा.

शाळा मी एप्रिलमध्ये सोडली. नगरपालिकेची एक बाई त्यावरून फोन करत असते. तिचा आवाज फार गोड आहे. म्हणून मी उचलत नाही.

ते आले. बाबाच्या गाडीला मोठा ट्रेलर, त्यावर दोर, कप्प्या, पाने, सगळं नीट लावलेलं. मागे ऑस्सीची गाडी, तीत एन्सिओ. ऑस्सी म्हणजे बाबाचा लहानपणापासूनचा दोस्त, हात फावड्यासारखे, डोकं बाबा सांगेल तिकडे. बाबानं नवं जॅकेट घातलं होतं. डॉक्टरीणबाईंची निवड असणार, कारण बाबाला निळा रंग आवडत नाही.

"वाढलीस की," तो मला म्हणाला.

मी म्हटलं, वाढणारच, मध्ये बराच वेळ गेला.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. तळ्याकाठी टेकाड आहे, पाया ओतून झाला आहे, जमीन गोठायच्या आत मनोरा उभा राहिला पाहिजे, कारण महिनाअखेरीला रेडिओवाल्यांची मोठी स्पर्धा. क्लबातली सगळी पोरं तिथे रेडिओला बसणार. हे सगळं तो मनोऱ्याकडे बघत सांगत होता, माझ्याकडे नाही. शेवटी म्हणाला, "तूही ये ना शनिवार-रविवारी. बसू देईन तुला."

बसू देईन. माझ्या मनोऱ्यावर मला बसू देईल.

मी म्हटलं हा मनोरा कुठेही जाणार नाही. तो हसला. त्याचं हसणं मला माहीत आहे, दुकानदाराशी घासाघीस करताना हसतो तसं. म्हणाला, बाळा, तू वापरतेस किती, मोर्सच्या चार टकटकी करतेस जपानला. त्या माणसांना तू कधी भेटणार पण नाहीस. मी म्हटलं तुला तरी कुठे भेटते. ऑस्सी खाली बघून बूट साफ करायला लागला.

"शाळा सोडलीस," बाबा म्हणाला, "आता हेही सोड. सवय आहेच तुला."

"सोडायचं मी तुझ्याकडूनच शिकले, किम्मो."

मी त्याला नावानं हाक मारली तसा त्याचा चेहरा बदलला. पण तो काही बोलायच्या आत आईनं खिडकीतून ओरडून सांगितलं की आधी सगळ्यांनी जेवून घ्या. इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला, माणसं आली की जेवण घरच्या बाईनं घालायचं, मग काम नवऱ्याचं असो की सोडून गेलेल्या नवऱ्याचं. आमच्या गावात हे कुणी मोडत नाही. आईनं तर मोडलंच नसतं, लोक काय म्हणतील म्हणून नाही, तर तो काय म्हणेल म्हणून.

मी जेवायला गेले नाही. लाकडांच्या खोपटात जाऊन एका ओंडक्याला लाथा घालत बसले. तेवढ्या वेळात बाबा पण लगेच आत गेला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ऑस्सी आणि एन्सिओ टेबलावर बसले, आणि तो हातात पाना घेऊन एकटाच खळ्यामागे जाऊन मगच जेवायला आला. घाई. त्याला सगळ्याची घाई असते.

ओंडका फुटेना. मग मी उठले, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत चढायचा हार्नेस टांगलेला असतो तो चढवला, पट्टे घट्ट केले आणि मनोऱ्याखाली जाऊन उभी राहिले.

आता एक नियम सांगते. रेडिओवाल्यांमध्ये भांडणं खूप असतात, पण हा नियम सगळे पाळतात. चढणाऱ्यानं पायथ्याशी उभं राहून ओरडायचं, वर माणूस आहे. खालच्यानं म्हणायचं, ऐकलं. ते 'ऐकलं' आलं की तिथून पुढे वरचा सांगेल ते. खालच्यानं एक दोर, एक नट, एक बटण विचारल्याशिवाय हलवायचं नाही. वर माणूस असेपर्यंत जागा सोडायची नाही. तो वरचा माणूस गाढव असला तरी. एन्सिओचा डावा पाय आखूड आहे, कारण एकदा कुणीतरी खालून न विचारता दोर सोडला होता. कुणी सोडला ते तो आजपर्यंत बोललेला नाही.

मी ओरडले, "वर माणूस आहे."

खिडकी उघडी होती. आतून एन्सिओचा आवाज आला, तोंडात बटाटा असल्यासारखा. "ऐकलं."

सवयीनं म्हणाला तो. त्याला कळलं असेल तेव्हा मी पहिल्या तणाव्यापर्यंत पोचले होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बाबाचे बूट पायऱ्यांवर. मी खाली बघितलं नाही. एक हुक सोडायचा, वरच्या कांबीला लावायचा, मग दुसरा. घाई करायची नाही. राग आला की मी एरवी सगळ्याची घाई करते, पण मनोऱ्यावर माझे हात वेगळ्याच मुलीचे असतात.

वर गेले आणि लगेच कळलं, काहीतरी चुकतंय. मनोरा वाऱ्यात थोडा हलतोच, पण हलून परत येतो. आज तो खळ्याच्या उलट्या बाजूला जाऊन तिथे जरा जास्त थांबत होता. म्हाताऱ्या माणसासारखा. मी खळ्याकडे जाणाऱ्या तारेवर मूठ मारली, हात ठेवला. धक्का गेला. आलाच नाही. मग आला, तोही रेंगाळत.

खोटं कशाला सांगू, भीती वाटली. पश्चिमेकडून वारा वाढत होता आणि डोक्यावर ती अख्खी अँटेना. मी दोन्ही हुक परत तपासले. दोन्ही लागलेले होते. मग ओरडले.

"खळ्याकडचा वरचा तणावा कुणी सैल केला?"

खाली तिघं उभे होते, आई दारात. ऑस्सी आणि एन्सिओ एकाच वेळी बाबाकडे वळले. म्हणजे कळलंच.

"मी," बाबा म्हणाला. "तू वर जाणार हे मला काय माहीत?"

एन्सिओ त्याच्याशी बोलला ते इतकं हळू होतं की वर अर्धंच आलं. एवढं ऐकू आलं की अँटेना वर असताना तू तणाव्याला हात लावलास. त्यानं प्रश्न विचारला नव्हता. बाबाचे कान लाल झाले असतील, मला तिथून दिसले नाहीत, पण त्यानं टोपी ओढून खाली घेतली ते दिसलं. क्लबातल्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी मनोऱ्याचं डोकं उतरव, मग तणावा सोड. आणि शिकवतो कोण? तोच शिकवतो.

"साइमी," एन्सिओनं हाक मारली, "आधी खाली ये. मग बोलू."

"तणावा घट्ट केल्याशिवाय नाही."

"अगं, खाली आलीस की करू."

"खाली आले की तुम्ही करणार नाही. खाली आले की तो मनोरा उतरवणार. मी वर आहे. मी सांगते. तणावा घट्ट करा."

हो, अडवणूकच होती ती. मला ठाऊक होतं आणि मला लाज वाटली नाही. तो ट्रेलर घेऊन आला होता, माझ्याकडे फक्त मनोरा होता.

एन्सिओ बाबाकडे बघत राहिला. आणि बाबा गेला. खळ्यामागे, जिथून आला होता तिथे, पाना घेऊन. मला त्याची पाठ दिसत होती, ते निळं जॅकेट. तो वाकला आणि स्क्रू फिरवायला लागला.

मी मूठ मारली. "अजून."

त्यानं फिरवला. धक्का जरा लवकर आला.

"अजून."

फिरवला. एकदा थांबून वर बघितलं त्यानं, हातानं डोळ्यांवर सावली धरून. मी पुन्हा मूठ मारली.

"थोडा जास्त झाला. अर्धा फेरा मागे."

"बरोबर आहे तो," तो खालून म्हणाला.

"अर्धा फेरा मागे."

त्यानं अर्धा फेरा मागे घेतला. हात ठेवला तर धक्का यायला पाहिजे तसा आला, आणि मनोरा माझ्या पायाखाली सरळ झाला. खरंच कळतं ते. गुडघ्यांना कळतं.

"आता तारेनं बांध."

स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून त्याच्यातून बारीक तार ओवून पिळतात. आधीची बांधलेली तार माझी होती, ती त्यानं कापून गवतात टाकली होती. त्याच्याकडे नवी नव्हती, कारण तो सोडायला आला होता, बांधायला नाही. ऑस्सीनं माझ्या डब्यातून तार नेऊन दिली. बाबानं पिळली, नीट, पिळाला पीळ चिकटवून. त्याचे हात चांगलेच आहेत. मी कधी नाही म्हटलं?

"झालं," तो म्हणाला. "उतर आता."

मी म्हटलं वर आलेच आहे तर हिवाळ्याआधीचं काम करूनच उतरते. आणि कमरेचा दोर खाली सोडून, आवाज न चढवता म्हटलं, "ऑस्सी, ग्रीसचा डबा पाठव. आणि काळी टेप."

ऑस्सी डबा बादलीत ठेवून दोराला गाठ मारायला पण लागला. बाबानं त्याला हटकलं तेव्हा कुठे तो थांबला, गाठ हातात धरून.

"कुणाच्या कामाला आलायस तू?"

"तिनं मागितलं ना," ऑस्सी म्हणाला. "वर आहे ती." आणि गाठ आवळून बादली सोडली.

मी ती ओढून घेतली. मोटरच्या वरच्या कड्याला ग्रीस भरलं, जोडावरची टेप सोलून नवी गुंडाळली. बोटं सुन्न झाली होती. खाली बाबा आईकडे गेला. वारा तिकडूनच होता, सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, मेर्वी, आपलं फोनवर ठरलं होतं. तूच म्हणालीस घेऊन जा. सांग तिला.

आईला मनोरा नको आहे, हे मला माहीत होतं. इथे माझं सगळं संपू शकलं असतं. तिनं एक शब्द टाकला असता तर मी उतरले असते. रागानं, लाथा झाडत, पण उतरले असते. घर तिचं आहे.

तिनं हात अ‍ॅप्रनला पुसले.

"मी 'ने' म्हटलं होतं," ती म्हणाली. "अजूनही म्हणते, ने. तुला नेता येत नाही, त्याला मी काय करू?"

एन्सिओ खोकला. ते हसणं होतं.

बाबा परत मनोऱ्याखाली आला. ट्रेलरवरून त्यानं स्वतःचा हार्नेस काढला, चढवला, पट्टे ओढले, पोटावर एक पट्टा पुरेना तो सैल केला. मला वाटलं आता हा येणारच. त्याला तेवढं जमतं, तो माझ्यापेक्षा लवकर चढतो. येऊन माझ्या शेजारी लटकला असता, कानात चार शब्द बोलला असता, आणि मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण त्यानं पहिल्या कांबीला हात लावला आणि थांबला. त्याचे दोन दोस्त बघत होते. की त्याला दोस्तांचं काही नव्हतं? सांगता येत नाही.

"वर येऊ का?" त्यानं विचारलं.

तीन वर्षांत त्यानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. जाऊ का विचारलं नव्हतं. कुत्रा नेऊ का विचारलं नव्हतं. मनोरा नेऊ का ते तर आईला विचारलं, तेही फोनवर.

"नाही," मी म्हटलं.

त्याचा हात थोडा वेळ कांबीवर राहिला. मग काढला. हार्नेस सोडून ट्रेलरवर फेकला, दोर गुंडाळले, कप्प्या पेटीत टाकल्या. कुणी मदत केली नाही, कारण ऑस्सी आणि एन्सिओनं जागा सोडायची नव्हती. ते दोघं वर बघत उभे होते, मान दुखेपर्यंत, नियमाप्रमाणे. बाबा जायच्या आधी शेताकडच्या ठोकळ्यापाशी गेला, जिथे एल्क घुसला होता. वाकून माझा नवा स्क्रू बघितला, माझी पिळलेली तार बोटानं हलवून बघितली. ती हलली नाही. मग घरामागच्या ठोकळ्यापाशी गेला, तिथेही तेच. त्या तारांना त्यानं हात लावला, पण पाना खिशातून काढला नाही.

गाडीत बसताना ओरडून म्हणाला, "पाया ओतलाय मी. आता त्याचं काय करू?"

मी म्हटलं झेंडा लाव.

गाडी निघाली. मी बघत राहिले. शेतांमधला रस्ता, दूधडेअरीचं वळण, मग पूल. रिकामा ट्रेलर पुलावर उड्या मारत गेला, त्याचा खडखडाट जरा उशिरानं माझ्यापर्यंत आला. मी काही खूश वगैरे झाले नाही. नाक गळत होतं, आणि बाबाला जॅकेट शोभत होतं याचा मला राग येत होता. तरी मी तिथेच राहिले, शेवटची टेप नीट दाबून बसवली. ते काम अर्धवट ठेवलं असतं तर जोडात पाणी शिरलं असतं आणि जानेवारीत माझेच शिव्याशाप मलाच.

खाली उतरले तेव्हा पाय जमिनीला लागल्यावर मी म्हटलं, "वर कुणी नाही."

"ऐकलं," एन्सिओ म्हणाला, आणि पहिल्यांदा मान खाली केली, चोळत चोळत. मग म्हणाला की ओरडल्यावर उत्तराची वाट न बघता चढलीस, त्याबद्दल तुला फटकवायला पाहिजे. मी म्हटलं तू उत्तर दिलंस. तो म्हणाला, तोंडात बटाटा होता. ते उत्तर धरायचं नसतं. मी म्हटलं पुढच्या वेळी गिळून मग बोलत जा.

ऑस्सी सूप संपवायला आत गेला. एन्सिओ त्याच्यामागे, आखूड पाय ओढत.

आई मनोऱ्याखाली येऊन उभी राहिली. कमरेवर हात, नजर वर.

"म्हणजे हा खांब आता माझ्याच अंगणात."

"हो."

"आणि तुझा बाप ऊठसूट मला फोन करणार."

"उचलू नकोस."

ती म्हणाली, ठीक आहे, मनोरा राहिला. आता तू पण थोडं ऐक. सोमवारी त्या नगरपालिकेच्या बाईचा फोन आला की उचल.

मी हार्नेस उतरवला, पट्टे गुंडाळले. ती आज पहिल्यांदाच मनोरा म्हणाली होती, ते मला ऐकू आलं होतं. पण म्हणून काय झालं.

"नाही," मी म्हटलं, आणि सूप प्यायला आत गेले.